झाकणाच्या आतली सही

"मिस्त्री कुठी हायेत?"

प्रश्न विचारणारा काउंटरवर कोपरं टेकून उभा होता. केसांतून श्रावणसरीचं पाणी निथळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता, पण छातीशी गोणपाटात गुंडाळलेलं जे काही होतं ते मात्र त्यानं कोरडं राखलं होतं.

रुपालीनं मानसुद्धा वर केली नाही. "समोर बसले."

तो तिच्या खांद्यावरून मागे पाहू लागला. मागे प्लायवूडचा आडोसा, त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला आठवड्यापूर्वी बंद पडलेलं घड्याळ...

"दिसून नाई राह्यले," तो म्हणाला.

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा. समोर एक मुलगी बसली आहे. तिच्या हातात तापलेली सोल्डर-गन आहे. पुढ्यात पोट उघडलेला टीव्ही आहे. आणि हा शहाणा तिच्या पाठीमागे मिस्त्री शोधतो आहे. पुसदच्या आयटीआयतून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स पहिल्या नंबरानं पास झाल्यापासून तीन वर्षं रुपाली काउंटरवर बसली की हाच प्रश्न ऐकत होती, आणि दर वेळी तिच्या डोक्यात तीच तिडीक जात होती.

"मीच हाओ मिस्त्री," ती म्हणाली. "ठेवा ते खाली."

खरं तर तिनं असं म्हणायचं नव्हतं. उमरखेडच्या बसस्टँडमागचं 'उकंडा रेडिओ' तिच्या मामाचं. वडील गेल्यावर उकंडामामानंच तिला वाढवलं, शिकवलं. पण तीन वर्षांपूर्वी मामाच्या डोळ्यांवर पडदा आला, हात कापायला लागला. तेव्हापासून गिऱ्हाइकाशी बोलायचं मामानं आणि आडोशामागे बसून काम करायचं रुपालीनं, असं ठरून गेलं होतं. आडोशाला एक खिडकी होती. तिच्यातून बिघडलेली वस्तू आत जाई, दुरुस्त झालेली बाहेर येई, आणि बाहेर लोक म्हणत, "मिस्त्रीच्या हातात जादू हाय." आत बसलेल्या रुपालीला ते स्वच्छ ऐकू येई. आज मामा सुटे भाग आणायला नांदेडला गेला होता, म्हणून ती बाहेर बसली होती, एवढंच.

गोणपाटातून निघालं ते झटका मशीन. शेताच्या कुंपणाच्या तारेला सेकंदाला एक हलका ठोका देणारी ती पेटी. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, नाकानं तार ढोसतात, झटका बसतो, पळून जातात. मरत कुणीच नाही.

"सावरखेड्याहून आलो. राजदीप," त्यानं नाव सांगितलं. "कालपासून टक् टक् वाजतच नाई. अन् सोयाबीन शेंगांवर हाय. मले वाटते हा निळा डब्बा..."

त्याचं बोट आत गेलं आणि रुपालीनं फाडकन त्याच्या हातावर चापट मारली.

"बॅटरी काढली म्हणून सगळं मेलं असं नाई राह्यत," ती म्हणाली. "हा कपॅसिटर हाय. हा करंट धरून ठेवते."

तिनं रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर आडवा टेकवला. चट्... निळी ठिणगी उडाली. राजदीप दोन पावलं मागे सरला. मग त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं.

"तुमचा डावा हात दुखते काय? कवापासून पाठीमागं धरून हाय."

"सवय हाय. मामानं लावली. उघड्या मशीनले दोन्ही हात लागले तं करंट या हातातून त्या हातात जाते, अन् मधात काळीज हाय."

"काळीज..." तो हळूच म्हणाला.

"हो. सगळ्याइले असते. तुमाले नसन कदाचित. असतं तं हे केलं नसतं." तिनं पेटी त्याच्याकडे वळवली. "हा फ्यूज हाय?"

फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवली होती. राजदीपनं खाली पाहिलं.

"फ्यूज कायले असते? करंट जास्त झाला तं त्यानं जळावं अन् बाकीच्याइले वाचवावं. तुमी तार लावली. तार नाई जळाली, हा जळाला." तिनं कोळसा झालेला रेझिस्टन्स चिमट्यात धरून वर केला. "बिचारा करंटले अडवाचं काम करत होता. त्याची काई चूक होती?"

"गावात फ्यूज भेटत नाई जी," तो म्हणाला. "इथं येऊन नेतो म्हणलं, तं तवापर्यंत डुकरं अर्धा एकर खाऊन टाकते."

"मंग दोन-चार जवळ ठेवावे माणसानं. बीएस्सी झालेले दिसता."

"तुमाले कसं समजलं?"

"ज्याले काईच येत नाई तो मशीनले हात लावत नाई. ज्याले अर्धं येते तोच तार पिळते."

राजदीप हसला. हसताना तो चांगला दिसत होता, आणि याचा रुपालीला आणखीच राग आला.

उकंडामामाची रेडिओच्या जमान्यापासूनची एक पद्धत होती. वस्तू दुरुस्त झाली, की झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहायची, दोष लिहायचा आणि खाली सही... 'उ.' पुढच्या वेळी वस्तू आली, की आधी झाकण वाचायचं. गेली तीन वर्षं रुपालीच तारीख लिहीत होती, रुपालीच दोष लिहीत होती, आणि खाली मुकाट्यानं 'उ.' काढत होती. त्या दिवशी तिनं मार्करनं लिहिलं: 'फ्यूजऐवजी तार. रेझिस्टन्स जळाला. गुन्हेगार: मालक.' आणि सवयीनं खाली 'उ.' केलं.

आठ दिवसांनी पेटी परत आली. या वेळी मामा काउंटरवर होता. त्यानं ती खिडकीतून आत सरकवली. "पाह्य वं रुपा, सावरखेड्याचं हाय. झटका कमी मारते म्हणते."

रुपालीनं झाकण उघडलं. तिच्या ओळीखाली निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं: 'गुन्हा कबूल. शिक्षा सांगावी.'

तिचं डोकंच फिरलं. हे झाकण म्हणजे काय कॉलेजचा बाक आहे? हे मामाचं दप्तर आहे, चाळीस वर्षांचं. तिनं मशीन तपासलं. ते ठणठणीत होतं. म्हणजे घोळ शेतात होता. आठ दिवस उघाड पडली होती, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती वाळली असणार. कोरड्या मातीचा अडथळा जास्त. तारेतून गेलेला करंट जनावराच्या अंगातून जमिनीत उतरतो आणि सळईवाटे मशीनकडे परत येतो. परतीचा रस्ताच अडला, तर झटका बसणार कसा? तिनं मार्कर उचलला. 'शिक्षा: अर्थिंगच्या सळईला रोज दोन बादल्या पाणी. उ.'

मग पंधरा दिवसांनी पेटी पुन्हा आली: 'शिक्षा भोगतो आहे. झटका जबरदस्त. पण आई म्हणते, लोखंडाला पाणी घालून काय उगवणार आहे?'

रुपालीला हसू फुटलं. बाहेर मामानं विचारलं, "काय झालं वं?" ती म्हणाली, "काई नाई, ठसका लागला."

तिनं लिहिलं: 'आईंना सांगा, अक्कल उगवते. वेळ लागतो.'

चौथ्या खेपेला मात्र हद्द झाली. मशीनमध्ये एक वायर सुटली होती, आणि ती आपोआप सुटलेली नव्हती. स्क्रू नीट उघडून वायर बाहेर काढली होती, वर कुणाला लागू नये म्हणून तिच्या टोकाला टेप गुंडाळला होता. आत लिहिलं होतं: 'दोष सापडत नाही. मिस्त्रींनी स्वतः शेतात येऊन बघावं, ही विनंती.'

रुपाली ताडकन उठली आणि मामा काउंटरवर असताना तीन वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे आडोशाबाहेर आली.

"चांगल्या मशीनची वायर काढून आणता? माह्या टेबलावर चार जणाइचं काम पडून हाय. लाज नाई वाटत?"

"वाटते नं," राजदीप म्हणाला. "पण खिडकीतून तुमचा फक्त हात दिसते. तोही एकच."

रुपालीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती पाय आपटत आत गेली आणि वायर इतक्या जोरात आवळली, की स्क्रूची खाचच गेली. बाहेर मामा काउंटरवर बसला होता. त्याला दिसत कमी होतं, ऐकू सगळं येत होतं.

भाद्रपद लागला आणि सावरखेड्याच्या शेतकऱ्यांनी ठरवलं, की आख्ख्या शिवाराला एकच कुंपण घालायचं आणि बारा मशीनं 'उकंडा रेडिओ'कडूनच बनवून घ्यायची. हे घडवलं राजदीपनं. रुपालीनं महिनाभर रात्रीचा दिवस केला. जुन्या मशीनचं सर्किट तिनं बदललं. बॅटरीची वायर कुणी चुकून उलटी जोडली, तर एक डायोड आडवा येईल, फ्यूज तेवढा जाईल आणि मशीन वाचेल, अशी सोय केली. ती सोय तिची स्वतःची होती, कुठल्या पुस्तकातून घेतलेली नव्हती. एकेका झाकणात तारीख टाकताना तिला वाटलं, निदान एकाखाली तरी... पण नाही. बाराही झाकणांत तिनं 'उ.' केलं.

मशीन सुरू करायचा कार्यक्रम राजदीपच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला होता. दोन खुर्च्या, एक माइक, हार. रुपाली मागे बायकांत उभी होती, हातात मीटर. राजदीपची आई, इंदूबाई, तिला न्याहाळत होती.

राजदीपनं माइक घेतला. त्यानं गर्दीत रुपालीला शोधलं, नजर भेटली, आणि त्यानं ती खाली वळवली.

"या मशीन ज्याइनं आपल्या डोक्यानं अन् आपल्या हातानं बनवल्या," तो म्हणाला, "ते उकंडा मिस्त्री आपल्यात हायेत. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. रुपालीला त्या कानशिलात बसल्यासारख्या वाटल्या. इतरांचं सोडा, त्यांना माहीत नव्हतं. पण याला माहीत होतं. यानं तिला काम करताना पाहिलं होतं, तिच्या अक्षराखाली आपलं अक्षर लिहिलं होतं. सगळ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं की मिस्त्री कोण, आणि त्यानंच चारचौघांत तिला पुसून टाकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं.

मामा उठला. त्यानं बॅटरीच्या वायरी हातात घेतल्या, अंदाजानं चाचपल्या, जोडल्या. बटण दाबलं.

काहीच वाजलं नाही.

मामानं पुन्हा दाबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सदाशिवराव नावाचे एक वजनदार म्हातारे पुढे आले. "मी पह्यलेच म्हणलो होतो. हे खेळणे सोडा. सीधा लाइनवर आकडा टाका, तारेत करंट सोडा, डुक्कर जागीच पडते."

"अन् माणूस?"

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. रुपाली बायकांतून वाट काढत पुढे येत होती.

"डुक्कर पडते, मंग सकाळी पाण्याची पाळी द्याले जो माणूस जाते, तो काहून नाई पडणार? लाइनचा करंट धरते तं सोडत नाई. हे मशीन एक ठोका मारते अन् सोडून देते. फरक समजून नाई घ्याचा, अन् आकडा टाकाले सगळे पुढं." ती मशीनपाशी बसली. लाल वायर काळ्याच्या जागी होती. तिनं मामाकडे पाहिलं. मामाचा चेहरा उतरला होता. तिनं वायरी सरळ केल्या, झाकण उघडलं. डायोडनं आपलं काम केलं होतं, फक्त फ्यूज गेला होता.

आणि फ्यूजची डबी उमरखेडला टेबलावर राहिली होती.

"जाड तार लाव नं पोरी," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात तिच्यापुढे एक हात आला. राजदीपनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली होती. आत चार फ्यूज होते, नवे. श्रावणातल्या त्या शिव्यांपासून तो ते जवळ बाळगत होता. तिनं त्याच्याकडे न बघता एक उचलला, डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्या हातानं बसवला. बटण दाबलं. टक्... टक्... टक्...

"वाजते तं," सदाशिवराव म्हणाले. "पण तारेत हाय काय? पोरीनं केलं. कोण हात लावून पाह्यते?"

तारेत करंट आहे की नाही, ते बघायला इकडे लोक गवताची हिरवी काडी टेकवतात. काडीतून हलकीशी टिचकी बसते, बस्स. पण काडी टेकवायलासुद्धा कुणी पुढे येईना. मग राजदीप आला. त्यानं धुऱ्यावर चपला काढल्या आणि अनवाणी ओल्या काळ्या मातीत उतरला.

"काडी घ्या," रुपाली घाईनं म्हणाली. "अन् चपला काहून काढल्या?"

त्यानं एक हात पाठीमागे घेतला आणि दुसऱ्यानं तार धरली. खांद्यापासून पायापर्यंत तो हिसडला आणि मातीत बसला. बायकांनी तोंडावर पदर घेतले, मग सगळं शिवार हसायला लागलं.

"काडी होती नं," ती दबल्या आवाजात म्हणाली.

"शिक्षा होती," तो तितक्याच हळू म्हणाला.

उकंडामामानं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. त्याला माइक नको होता. "सदाशिवराव, मले दिसत नाई. तीन वर्षं झाले. तुमचा टीव्ही, तुमच्या पंपाचा स्टार्टर, ह्या बारा मशीन, सगळं हिनं केलं. मी नुसता सहीपुरता होतो."

परतीच्या बसची वाट बघताना राजदीप तिच्याजवळ आला. मामा लांब पारावर बसला होता.

"काल मामा घरी आलते," तो म्हणाला. "हात जोडले त्याइनं. म्हणले, एकडाव माह्या नावानं होऊ दे, मंग मीच सांगतो. म्हाताऱ्या माणसानं हात जोडले, मी नाई कसं म्हणू?"

"म्हणजे दोघाइनं मिळून ठरवलं," रुपाली म्हणाली. आवाज वाढला नाही, पण एकेक शब्द टाचणीसारखा आला. "माह्यं काम, माह्यं नाव. अन् ते सांगाचं का नाई, हे तुमी दोघाइनं बसून ठरवलं. मामानं मागतलं असतं तं मी स्वतः देल्लं असतं. आजपर्यंत देतच आली. पण मले एका शब्दानं इचारलं काय?"

"नाई इचारलं," राजदीप म्हणाला. "चुकलं."

बस आली. ती चढली आणि मागे वळून पाहिलं नाही. खिडकीच्या काचेत मात्र तो अनवाणी, हातात चपला धरून उभा असलेला बराच वेळ दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मामानं प्लायवूडचा आडोसा काढून टाकला. रुपालीचं टेबल काउंटरला लागून आलं.

महिना गेला, दीड महिना गेला. सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली. सावरखेड्याहून कुणी आलं नाही. तिला बरंच वाटत होतं, असं ती स्वतःला रोज सांगत होती, आणि एसटी थांबली की मान वर करत होती. मग एका दुपारी काउंटरवर ओळखीचं गोणपाट आलं.

"मिस्त्री कुठी..." राजदीपनं सुरुवात केली आणि थांबला. ती समोरच होती. त्यानं पेटी तिच्यापुढे ठेवली.

झाकणात आता जेमतेम जागा उरली होती. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मशीन चांगलं आहे. दोष मालकात आहे. मिस्त्रीशिवाय त्याला करमत नाही. उपाय सांगावा.'

रुपालीनं दोनदा वाचलं. गालांवर रक्त चढलं, आणि राग आला... आला म्हणजे काय, तिनं तो ओढून आणला.

"असं झाकणात लिहून इचारतेत काय कोणी?"

"मंग कसं इचारू?"

"तोंडानं. अन् आधी मले. मामाले नाई, तुमच्या आईले नाई. मले."

राजदीपनं मामाकडे पाहिलं. मामानं जुन्या रेडिओचा कान पिळून आवाज मोठा केला.

"आईले अजून काईच नाई सांगतलं," राजदीप म्हणाला. "तुलेच पह्यले इचारतो. माह्याशी लग्न करशीन काय, रुपाली? नाई म्हणलं तरी फ्यूज इथूनच नेईन."

तिनं मार्कर घेतला, उरलेल्या इंचभर जागेत तारीख घातली आणि लिहिलं: 'दोष दुरुस्त होण्यासारखा नाही. चालवून घ्यावा.' खाली सही केली. 'उ.' नव्हे, 'रुपाली', पूर्ण, ठळक. मग तिनं झाकण त्याच्यापुढे धरलं, दोन्ही हातांनी. त्यानंही दोन्ही हातांनी धरलं. पेटी मधे, बोटांवर बोटं, आणि सोडायचं कुणालाच सुचेना.

तेवढ्यात दारात एक माणूस मिक्सर घेऊन उभा राहिला. "मिस्त्री कुठी हायेत?"

उकंडामामानं रेडिओवरून मान वळवली नाही.

"थांबा जराक," तो म्हणाला. "मिस्त्री कामात हाय."